उद्याचा प्रश्न : एका प्रेमगीताकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहताना

१/ ३० जानेवारी १९६१. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत त्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर चक्क एक प्रश्न होता. उद्याही तुझे माझ्यावर प्रेम असेल का, असे एक तरुणी आपल्या प्रियकराला विचारीत होती. गीताचे नाव ‘विल यू लव्ह मी टुमारो’. गाणाऱ्या चौघींच्या वृंदाचे नाव ‘द शिरेल्स’. त्या एका प्रश्नाच्या दहा वर्षांच्या प्रवासाविषयी हा धागा आहे.

२/ इतिहासाची आवड असलेल्या आपल्या मंडळींना प्रेमगीतांचे थोडे वावडेच असते. बखर, फर्मान, ताम्रपट, तहनामा ही साधने. गाणे म्हणजे करमणूक, असा आपला हिशेब. दुसऱ्या टोकाला काही रसिक असतात. ‘प्रेमाची ओढ चिरंतन आहे, ती सर्वत्र सारखीच’ असे म्हणून ते गाण्याला काळाच्या बाहेर नेऊन ठेवतात. माझे मत या दोन्ही पक्षांच्या विरुद्ध आहे.

३/ आपल्यावर कुणी प्रेम करावे, ही ओढ जुनीच आहे. परंतु त्या ओढीची किंमत कोणी मोजायची आणि किती, हे प्रत्येक काळ आपापल्या परीने ठरवितो. ती किंमत कायद्याच्या पुस्तकात अर्धीमुर्धी सापडते. उरलेली प्रेमगीतांत नोंदलेली असते. हे केवळ सुभाषित वाटू नये म्हणून एकच गीत घेऊ आणि ते सनावळीसह वाचू.

४/ स्थळ : न्यूयॉर्क, ब्रॉडवेवरील १६५० क्रमांकाची इमारत. येथे अल नेव्हिन्स आणि डॉन कर्शनर यांची ‘ऑल्डन म्युझिक’ ही गीतप्रकाशन संस्था होती. लहान लहान खोल्या, त्यांत पियानो, आणि दिवसभर गाणी रचीत बसलेली तरुण मुले. शेजारच्या खोलीतील चाल भिंतीतून ऐकू येई. तयार झालेली गाणी संस्था निरनिराळ्या गायकांना देई. गीत ही येथे कारखान्यातील वस्तू होती. परंतु कारखान्यातील वस्तूवरही घडविणाऱ्या हाताचा ठसा राहतोच.

५/ हे हात दोघांचे होते. कॅरोल किंग, जन्म १९४२. आणि जेरी गॉफिन, जन्म १९३९. क्वीन्स कॉलेजात ओळख झाली. विवाह ऑगस्ट १९५९ मध्ये. वधूचे वय सतरा. पहिल्या मुलीचा जन्म मार्च १९६० मध्ये. सनावळीच्या अभ्यासकांनी या दोन तारखांमधील महिने मोजून पाहावेत. ‘उद्याचे काय?’ हा प्रश्न या घराला पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

६/ १९६० च्या उत्तरार्धात हे गीत तयार झाले. तेव्हा ती अठरा वर्षांची, तो एकवीस वर्षांचा. तो दिवसा एका रासायनिक प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी करी. घरात तान्हे मूल. चाल तिची, शब्द त्याचे. गीत यशस्वी झाले आणि त्याची नोकरी सुटली. दोघेही पूर्णवेळ गीतकार झाले.

७/ आता गाणाऱ्या चौघी. शर्ली ओवेन्स, डोरिस कोली, ॲडी हॅरिस आणि बेव्हर्ली ली. न्यू जर्सी राज्यातील पसेइक गावच्या शाळासोबती, चौघीही कृष्णवर्णीय. त्यांच्या शाळेतील एका मुलीची आई, फ्लॉरेन्स ग्रीनबर्ग नावाची गृहिणी, त्यांच्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात उतरली. ‘सेप्टर रेकॉर्ड्स’ ही तिची कंपनी. ल्यूथर डिक्सन हे निर्माते.

८/ मुख्य गायिका शर्ली ओवेन्स हिला हे गीत आरंभी रुचले नव्हते. त्याचा ढंग गोऱ्यांच्या ‘कंट्री’ संगीताचा आहे, असे तिला वाटले. मग व्हायोलिन-चेलोंची साथ योजण्यात आली आणि तिची स्वरलेखनासह रचना अठरा वर्षांच्या कॅरोलनेच केली. गीताचे रूप पालटले. पुढे ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत प्रथम क्रमांक मिळविणारा कृष्णवर्णीय मुलींचा पहिला वृंद, अशी शिरेल्सची नोंद झाली.

९/ या नोंदीशेजारी दुसरी तारीख ठेवा. १ फेब्रुवारी १९६० : नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानाच्या उपाहारगृहात गोऱ्यांसाठी राखीव जागेवर जाऊन बसले आणि तेथून बसून केलेल्या सत्याग्रहांची लाट उसळली. म्हणजे ज्या समाजात शेजारच्या खुर्चीवर बसण्यासाठी आंदोलन करावे लागत होते, त्याच समाजातील असंख्य गोऱ्या मुलींनी आपल्या मनातला प्रश्न एका कृष्णवर्णीय मुलीच्या आवाजात ओळखला आणि तिची रेकॉर्ड विकत घेतली.

१०/ प्रश्न कोणता? वरवर पाहता साधा. रात्र आहे, प्रियकर जवळ आहे, त्याच्या शब्दांत गोडवा आहे. तरीही ती सकाळचा विचार करते आहे. गीताचा सारा ताण ‘प्रेम’ या शब्दात नसून ‘उद्या’ या शब्दात आहे. काही नभोवाणी केंद्रांनी हे गीत वाजविण्यास नकार दिला, तो याचमुळे. मुलगी केवळ उसासे टाकीत असती तर कोणाची हरकत नव्हती. ती एका निर्णयासमोर उभी होती, आणि तो निर्णय कोणता हे प्रत्येक ऐकणाऱ्याला कळत होते.

११/ आता हा ‘उद्या’ उघडून पाहू. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६० मध्येच मान्यता दिली. म्हणून अनेक लेखक सरळ समीकरण मांडतात : गोळी आली, मुली मुक्त झाल्या, गाणी बदलली. तारखा मात्र या समीकरणाच्या आड येतात. ती गोळी वैद्याच्या चिठ्ठीविना मिळत नसे, आणि अविवाहित मुलीला अशी चिठ्ठी मिळणे दुरापास्त होते.

१२/ कनेक्टिकट राज्यात तर १८७९ चा कायदा लागू होता. विवाहित दांपत्यालाही गर्भनिरोधक वापरणे तेथे गुन्हा होता. ‘ग्रिसवोल्ड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो १९६५ मध्ये रद्द केला, तोही विवाहितांपुरता. अविवाहितांना तोच हक्क मिळण्यास १९७२ चा ‘आयझेनश्टाट’ खटला यावा लागला. गर्भपाताचा घटनात्मक हक्क १९७३ मध्ये मान्य झाला. तो २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने काढून घेतला.

१३/ म्हणजे शिरेल्सची रेकॉर्ड वाजत होती तेव्हा चूक झालेल्या मुलीपुढे मार्ग मोजकेच होते : घाईचे लग्न, बेकायदा आणि जीवघेणा गर्भपात, किंवा परगावच्या कुमारी मातांच्या आश्रमात गुपचूप बाळंतपण आणि मूल दत्तक देऊन परतणे. गरोदर मुलीला शाळेतून काढून टाकण्याची रीत अनेक ठिकाणी होती. मुलाला मात्र शाळा सोडावी लागत नसे. १९६० मध्ये अमेरिकेतील स्त्रियांचे पहिल्या विवाहाचे मध्यक वय २०.३ वर्षे होते.

१४/ या पार्श्वभूमीवर गीत पुन्हा ऐका. ती मुलगी हळवी नाही, हिशेबी आहे. आणि हा शब्द मी आदराने वापरतो आहे. दोघांच्या सुखात तिचा वाटा अर्धा, पण जोखमीत जवळजवळ पूर्ण. तिच्या हातात कायदा नाही, औषध नाही, पैसा नाही. एकच गोष्ट आहे : त्याचा शब्द. म्हणून ती शब्द मागते आहे. प्रेम मिळावे ही ओढ आणि संरक्षण मिळावे ही गरज येथे एकमेकींत अशा मिसळल्या आहेत की, वेगळ्या काढता येत नाहीत.

१५/ येथे एक रास्त आक्षेप येतो : हे शब्द तर पुरुषाने लिहिले! मग याला स्त्रीच्या मनाचा पुरावा कसे म्हणावे? आक्षेप मोलाचा आहे आणि तो टाळू नये. हे गीत म्हणजे कोण्या एका मुलीची रोजनिशी नव्हे. परंतु साधनाचे मोल केवळ त्याच्या लेखकावर ठरत नाही. ते कोणी स्वीकारले यावरही ठरते. एकवीस वर्षांच्या पुरुषाने लिहिलेला प्रश्न लाखो मुलींनी आपला म्हणून स्वीकारला. तो खोटा असता तर त्यांना तो सर्वांत आधी कळला असता.

१६/ आणि ही ओढ नेहमीच गोड वाटेने जाते असे नाही. याच जोडीने १९६२ मध्ये ‘ही हिट मी’ हे गीत लिहिले. फिल स्पेक्टर यांनी ते ‘द क्रिस्टल्स’ या वृंदाकडून गाऊन घेतले. प्रियकराने मारले, आणि त्या मारातच प्रेमाची खूण दिसली, असे सांगणारी नायिका. लोकांनी तीव्र हरकत घेतली आणि रेकॉर्ड मागे घ्यावी लागली. गीताची प्रेरणा त्यांच्या घरी मूल सांभाळणाऱ्या ईव्हा बॉइड या तरुणीच्या बोलण्यात होती. तिच्या अंगावर वळ होते, आणि ती त्याला त्याचे प्रेम म्हणत होती. पुढे हीच मुलगी ‘लिटिल ईव्हा’ या नावाने गायिका म्हणून गाजली.

१७/ हे गीत ऐकताना अंगावर काटा येतो. तरीही ते पुराव्यांतून वगळू नये, असे माझे ठाम मत आहे. अशा स्त्रियांसाठी निवारागृहे अमेरिकेत १९७० च्या दशकात उभी राहू लागली. १९६२ मध्ये या हिंसेला धड सार्वजनिक शब्दही नव्हता. शब्द नसला की वेदना मिळेल त्या शब्दाचा आश्रय घेते, आणि येथे मिळालेला शब्द ‘प्रेम’ हा होता. प्रेमाची भूक किती टोकाला जाऊ शकते, याची ही नोंद आहे. तिचे समर्थन नव्हे.

१८/ पाच वर्षे पुढे. १९६७ मध्ये गॉफिन-किंग यांनी, ‘अटलांटिक’ कंपनीचे निर्माते जेरी वेक्सलर यांनी सुचविलेल्या शीर्षकावरून, अरेथा फ्रँकलिन यांच्यासाठी ‘अ नॅचरल वुमन’ लिहिले. येथे प्रश्न नाही. प्रेम मिळाल्याची कृतज्ञता आहे. आणि इतिहासाचा उपहास असा की, हे लिहिणाऱ्यांचाच संसार तेव्हा मोडकळीला आला होता. १९६८ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. दोन मुलींना घेऊन कॅरोल लॉस एंजेलिसला गेली.

१९/ दरम्यान शिरेल्सचे काय झाले? वयात येईपर्यंत त्यांचे पैसे विश्वस्त निधीत राखून ठेवले जातील, असे त्यांना सांगण्यात आले होते. एकवीस वर्षांच्या झाल्यावर असा निधीच अस्तित्वात नसल्याचे त्यांना कळले. प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर तडजोडीने मिटले. ‘उद्या’चा शब्द कोणी पाळत नाही, हा धडा त्यांना प्रियकराकडून नव्हे, धंद्याकडून मिळाला. गीत कोणी लिहिले आणि कोणी गायिले याबरोबर पैसा कोणाकडे गेला, हेही विचारले पाहिजे.

२०/ आता १९७१. हॉलिवुडमधील ‘ए अँड एम’ स्टुडिओ, निर्माते लू ॲडलर, अल्बम ‘टॅपेस्ट्री’. मुखपृष्ठावर खिडकीशी अनवाणी बसलेली, जीन्स घातलेली, मोकळ्या केसांची कॅरोल, पुढ्यात मांजर. ना झगमगीत पोशाख, ना रंगरंगोटी. आजवर दुसऱ्यांसाठी लिहिणारी ही स्त्री आता स्वतः गात होती. फेब्रुवारीत अल्बम आला. जूनमध्ये तो प्रथम क्रमांकावर पोहोचला आणि सलग १५ आठवडे तेथून हलला नाही.

२१/ अल्बममध्ये बारा गीते. दूर गेलेल्या माणसाची आठवण आहे, सरलेल्या नात्याची शांत कबुली आहे, मैत्रीचे आश्वासन आहे. आणि त्यांत तो जुना प्रश्नही आहे : ‘विल यू लव्ह मी टुमारो’. शिरेल्सचे गीत पावणेतीन मिनिटांच्या आत संपते. येथे तेच चार मिनिटांहून अधिक चालते. लय संथ, मुख्यतः पियानो. शब्द तेच आहेत. विचारणारी बदलली आहे.

२२/ अठराव्या वर्षी जिने ही चाल बांधली, ती आता एकोणतीस वर्षांची आहे. मध्ये विवाह, दोन मुली, घटस्फोट, पुनर्विवाह. १९६१ मध्ये प्रश्नाच्या पुढे भविष्य होते. १९७१ मध्ये प्रश्नाच्या मागे अनुभव आहे. पहिल्या वेळी वाटते, ‘हो’ असे उत्तर मिळाले तर ती विश्वास ठेवील. दुसऱ्या वेळी वाटते, ‘हो’ म्हणणाऱ्यालाही उद्याची खात्री देता येत नाही, हे तिला ठाऊक आहे; तरीही ती विचारते आहे. माझ्या लेखी या गीताचा खरा इतिहास या ‘तरीही’मध्ये आहे.

२३/ या ध्वनिमुद्रणात मागून दोन आवाज ऐकू येतात. एक जेम्स टेलर यांचा, दुसरा जोनी मिचेल यांचा. येथे क्षणभर थांबावे. कॅनडाच्या जोनी मिचेल यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये टोरोंटो येथे एका मुलीला जन्म दिला होता. तेव्हा त्या अविवाहित होत्या, जवळ पैसे नव्हते, आईवडिलांपासून ही गोष्ट लपविलेली होती. पुढे ती मुलगी दत्तक देण्यात आली. कॅनडात गर्भनिरोधकांवरील फौजदारी बंदी उठली ती १९६९ मध्ये.

२४/ ‘टॅपेस्ट्री’ची गाणी होत होती, त्याच सुमारास त्याच स्टुडिओत मिचेल आपला ‘ब्लू’ हा अल्बम मुद्रित करीत होत्या. जून १९७१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात ‘लिटिल ग्रीन’ नावाचे गीत आहे, ते त्या मुलीविषयीचे. बहुतेक श्रोत्यांना तेव्हा त्याचा संदर्भ उमगला नाही. ही हकीकत जगापुढे आली ती १९९० च्या दशकात. मायलेकींची भेट झाली १९९७ मध्ये.

२५/ त्या दिवशी मिचेल यांच्या मनात काय होते, हे कोणी सांगू नये. साधनांच्या पलीकडे उडी मारणे हा इतिहास नव्हे. परंतु एवढे निश्चित म्हणता येते : ‘उद्याचे काय?’ या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर जिच्या आयुष्यात येऊन गेले होते, तिचा आवाज त्या गीतात आहे. ऐकणाऱ्यांना ते कळत नव्हते. १९६१ च्या कित्येक श्रोत्यांच्या घरीही अशीच न सांगितलेली गोष्ट असेल. गाणे अशा मौनाला जागा देते. कागदपत्रे सहसा देत नाहीत.

२६/ मार्च १९७२ च्या ग्रॅमी सोहळ्यात कॅरोल किंग यांना चार पुरस्कार मिळाले. ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’साठी वर्षातील सर्वोत्तम गीतरचनेचा पुरस्कार मिळविणारी ती पहिली स्त्री. त्याच मार्च महिन्यात ‘आयझेनश्टाट’चा निकाल लागला. हा योगायोग आहे. गाण्यामुळे कायदा बदलला, असे मी म्हणत नाही. मात्र न्यायालयाने १९७२ मध्ये ज्या अविवाहित स्त्रीचा हक्क मान्य केला, ती अकरा वर्षांपूर्वी यादीच्या शिखरावरून आपली अडचण सांगत होती. ऐकले सर्वांनी; उत्तर द्यायला एक तप लागले.

२७/ मग प्रश्न सुटला का? अर्धा. औषध, कायदा आणि स्वतःची कमाई यांनी जोखीम पुष्कळ कमी केली, आणि तो लाभ किती कच्च्या पायावर उभा असतो हे २०२२ ने दाखविले. उरलेला अर्धा कोणत्याही कायद्याने सुटणारा नाही. कोणी आपल्यावर प्रेम करावे, आणि उद्याही करावे, याची हमी कोणतेही राज्य देऊ शकत नाही. या दोन अर्धांतील सीमारेषा दाखविणे हे इतिहासकाराचे काम. जे चिरंतन आहे त्याला चिरंतन म्हणावे. जे अन्याय होते त्याला चिरंतन म्हणून माफ करू नये.

२८/ म्हणून मित्रहो, यापुढे एखादे जुने प्रेमगीत ऐकाल तेव्हा त्याला चार प्रश्न विचारा. ते कोणत्या साली आले? शब्द कोणाचे, आवाज कोणाचा? प्रेम न मिळाल्यास नुकसान कोणाचे होणार होते? आणि पैसा कोणाच्या हाती गेला? हेच प्रश्न आपल्याकडील पुरुष शाहिरांनी रचलेल्या आणि स्त्रियांनी गायिलेल्या लावणीलाही विचारता येतील. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.

२९/ तूर्त एवढेच करा. आधी १९६० चे ध्वनिमुद्रण ऐका, मग १९७१ चे. दोन्हींच्या मध्ये दोन मिनिटे थांबा. घरात आजी किंवा आई असेल आणि ती सांगावयास राजी असेल, तर तिच्या तरुणपणी ‘उद्या’ या शब्दाचा अर्थ काय होता, ते विचारून ठेवा. असे पुरावे कोणत्याही दप्तरखान्यात जमा होत नाहीत.

(धागा समाप्त)